दोन बोटं वाढीव

बाही

कपडा शिवताना बाही शेवटी जोडतात. या गोष्टीत मोडला तो हात, म्हणून बाही आधी.

उजवं मनगट प्लास्टरमध्ये, हात गळ्यात, शाळा उघडायला आलेल्या आणि दुकानात गणवेशांच्या कापडाचा ढीग छातीपर्यंत. टेपकाकू स्टुलावर बसून तोंडानेच शिवत होती. "तिथे खूण कर. तिथे नाही, वर. अगं, खडू आहे तो, काठी नाही." टेपकाकू हे नाव तिला मापं द्यायला येणाऱ्या पोरांनी दिलं होतं. गळ्यात बारा महिने टेप. प्लास्टर घालतानाही तिने ती काढली नव्हती. नर्सने विचारलं तर म्हणाली, "असू दे, तिचं काय वजन आहे!"

कात्री नणंदेच्या हातात होती आणि संकट तेच होतं. काज-बटणात नणंदेचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण बेतायचं काम तिने जन्मात केलं नव्हतं.

"वहिनी, एक सांगू? चिडणार नाहीस ना?"

"सांग."

"ब्लेझरच्या बाह्या. दोन्ही डाव्या झाल्यात."

"होतं असं. एकाच्याच ना?"

नणंदेने कात्री खाली ठेवली. "अख्ख्या गायनवर्गाच्या."

नवरा नुकताच बस डेपोतून आला होता. तो दिवसा बसची इंजिनं दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी दुकानात इस्त्री करायचा. इस्त्री तापायची वाट बघत तो म्हणाला, "शाळेला कळवून टाका. गाताना उजवा हात खिशात ठेवायचा."

मग तिघंही हसली. मग टेपकाकूच्या मनगटातून कळ गेली आणि ती एकटी हसायची थांबली.


अस्तर

आता आतली बाजू.

त्याच वर्षी, हात मोडण्याआधी, थंडी सरताना, शहरातला दंतवैद्य दुकानात आला होता. दारात वाकून आत यावं लागेल एवढा धिप्पाड माणूस. काखेत एक गाठोडं.

"एवढं शिवून द्याल का? काटेरी तारेत अडकलं."

"तंबू आहे का?"

"पतंग."

"पतंग कागदाचा असतो हो."

"हा माणसाला ओढतो."

कापायच्या टेबलावर पसरला तर तो तिन्ही बाजूंनी खाली लोंबायला लागला. कापडाचे दोन पदर, मधे उभे कप्पे, आणि पुढच्या कडेला प्रत्येक कप्प्याचं तोंड उघडं. वारा त्या तोंडातून आत शिरतो, कप्पे फुगतात आणि लोळागोळा कापडाला पंखाचा आकार येतो, दंतवैद्य सांगत होता. आत काडी नाही, सांगाडा नाही. टेपकाकूने एका कप्प्यात कोपरापर्यंत हात घातला.

"म्हणजे हा वाऱ्याचा सदरा झाला," ती म्हणाली.

फाटलेल्या तीन कप्प्यांवर तिने बारीक टाक्याची शिवण घातली. दंतवैद्य घ्यायला आला तर देईना. "ट्रायल घेतल्याशिवाय मी कपडा सोडत नाही."

"कोणाच्या अंगावर घेणार?"

"ज्याचा आहे त्याच्या."

म्हणून सुटीच्या दिवशी दोघं शहराबाहेरच्या जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर उभी राहिली. पतंग वर गेला. शिवण धरली. टेपकाकू मान वर करून टाके मोजत होती, तेवढ्यात दंतवैद्याने दोन्ही हँडलं तिच्या हातात दिली. वरच्या दोन दोऱ्या ओढायच्या, खालच्या दोन ब्रेकच्या. आणि मनगटाला पट्टे. "सगळ्यांत आधी सोडायला शिका," तो म्हणाला. "हँडलं सोडली की पट्ट्यांत फक्त ब्रेकच्या दोऱ्या राहतात. हवा निघून जाते, पतंग रुमालासारखा खाली बसतो. सोडा बघू."

तिने सोडली. बसला.

"आता पुन्हा वर घ्या. आता धरा."

तिने धरलं आणि आभाळाने तिला ओढलं.

घरी आल्यावर ती बराच वेळ हात धूत राहिली. नवऱ्याने विचारलं, काय झालं? "काही नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं सगळं मीच ओढत आले. आज मला कोणीतरी ओढलं."


माप

पतंगांच्या दुकानातली मुलगी कपाळावर बर्फाचा चष्मा चढवून बसली होती. बाहेर ऊन होतं.

"वजन किती?"

टेपकाकूने सांगितलं.

"वहिनी, खरं सांग," नणंद म्हणाली.

टेपकाकूने पुन्हा सांगितलं.

"जमिनीवर उडवणार की बर्फावर?"

"दोन्हीवर. आधी गवतावर उभं राहून, मग त्या तीनचाकी बग्गीत बसून, मग थंडीत स्कीवर."

"मग चार दोऱ्यांचाच घ्या, ब्रेकवाला. दोन दोऱ्यांचा स्वस्त आणि सोपा, पण जागच्या जागी थांबवता येत नाही." मुलीने चार चौरस मीटरचा पतंग पुढे सरकवला. "तुमच्या वजनाला आणि इथल्या वाऱ्याला हा."

टेपकाकूने तो हातात घेऊन झुलवला. घडी घातलेला, एवढासा. पिशवीत घातला तर भाजी आणल्यासारखा दिसेल.

"आणि पुढे?"

"पुढे काय?"

"पुढे मी शिकेन, माझा हात बसेल. मग हा आखूड पडेल."

"काकू, हा आखूड नाही पडत. वारा जोराचा असला की छोटा लागतो, मंद असला की मोठा. बर्फावर तर आणखी छोटा, कारण बर्फ पाय धरून ठेवत नाही. तुम्ही कितीही शिकलात तरी जोराच्या वाऱ्याला हाच लागणार."

मुलगी शंभर टक्के खरं सांगत होती. पण टेपकाकूच्या दुकानातून आजवर एकही पोर आपल्या मापाचा कपडा घालून बाहेर पडलं नव्हतं. दंड दोन बोटं सैल, उंची दोन बोटं जास्त, आत दुमडीत आणखी दोन बोटं कापड राखून. आया शिवायला देताना हेच सांगत आणि न सांगितलं तरी ती हेच करी. यंदा बाही बोटांवर येईल, पुढच्या वर्षी मनगटावर बसेल, त्याच्या पुढच्या वर्षी धाकट्याला होईल. कपडा घ्यायचा तो उद्याच्या अंगासाठी, ही तिची अक्कल होती आणि या अकलेवर दुकान उभं होतं.

"नऊचा द्या," ती म्हणाली. "वाढत्या अंगाचा."

"कोणाचं अंग वाढतंय?" नणंदेने विचारलं.

"तू गप्प बस."


घेर

दंतवैद्याला सांगितलं नाही. त्याला चकित करायचं होतं.

पतंग वर गेला तो दिवस मंद वाऱ्याचाच होता. पण नऊ चौरस मीटर कापडाने तेवढाही वारा सगळा पोटात भरून घेतला. टेपकाकूचे पाय आधी चालले, मग धावले, मग गवतावर त्यांची गरजच उरली नाही.

"सोड!" नवरा मागून धावत ओरडत होता. "अगं, सोड!"

सोडायचं कसं हे तिला माहीत होतं. पहिल्या दिवशी पहिला धडा तोच झाला होता. पण चालत्या मशीनवर कापड सोडलं की शिवण वाकडी जाते. तीस वर्षं त्या हातांनी कापड सोडलं नव्हतं, आणि त्या दिवशी हातांनी तिला विचारलंच नाही.

धावपट्टीच्या कडेला सिमेंटचा कठडा होता.


गळा

प्लास्टर निघालं त्या संध्याकाळी दोघं जेवणाच्या टेबलापाशी समोरासमोर बसली होती. मधे तिचा हात, पांढरा पडलेला, जरा बारीक झालेला.

"देऊन टाक तो पतंग," नवरा म्हणाला.

"बरं."

"बरं काय? तुझं 'बरं' मला कळतं. देऊन टाक."

"तुम्हाला दुकानाची काळजी आहे."

"दुकान गेलं खड्ड्यात. इस्पितळात न्यायच्या वाटेवर तू एकदाही 'आई गं' म्हणाली नाहीस. दात आवळून गवताचे तुकडे काढत बसलीस माझ्या शर्टावरचे. मला गाडी चालवता येईना." तो उठला, नळ बंदच होता तो पुन्हा घट्ट बंद करून आला. "पुन्हा ते बघायची ताकद नाही माझ्यात."

टेपकाकूने टेप गळ्यातून काढली. बोटाला गुंडाळली, सोडली.

"मी लहानपणी ताईचे कपडे घालायचे," ती म्हणाली. "सगळे मोठे. आई म्हणायची, येतील अंगात. यायचे. पण अंगात येईपर्यंत विटून जायचे. एकही कपडा नवा असताना मला बरोबर बसला नाही. आणि मोठी झाल्यावर मी तेच केलं, सगळ्या गावाच्या पोरांना. आता स्वतःला." तिने टेप टेबलावर ठेवली. "माझी चूक पतंग उडवला ही नव्हती हो. मापाची होती. मला एकदा बरोबर मापाचं करून बघू द्या."

नवरा डेपोतला माणूस होता. गाडी रस्त्यावर सोडायच्या आधी तपासणी घ्यायची, ही त्याची पद्धत. तो म्हणाला, "डेपोमागे माळ आहे. थंडीत त्यावर बर्फ बसतो, एका टोकाला पंपघर आहे. दुसऱ्या टोकाला मी एक खांब रोवतो. खांबापासून निघायचं, पंपघराला हात लावायचा आणि खांबापाशी परत. पडलीस तर उठ. पण पायी परत आलीस तर सगळं संपलं. पतंग, पट्टे, हेल्मेट, काही घरात दिसणार नाही."

"कधीपर्यंत?"

"बर्फ असेपर्यंत."

"आणि आले तर?"

"तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"आली तर," दुसऱ्या खोलीतून नणंद ओरडली, "हिवाळ्यातल्या जॅकेटांच्या सगळ्या तुटक्या चेन मी बसवीन!"

चेन बसवण्याचा तिला किती तिटकारा होता ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे वहिनी येणार नाही याची तिला खात्रीच होती.


जुनं

"हा घ्या," टेपकाकूने नऊचा पतंग दंतवैद्याच्या खुर्चीवर ठेवला. पेशंटच्या खुर्चीवर. "तुमच्या अंगाला बरोबर आहे. मला मोठा होतो."

दंतवैद्याने पिशवी उघडून पाहिली, तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि रागवायचं ठरवलेलं सगळं गिळलं. मग आतल्या खोलीतून एक गाठोडं घेऊन आला. "आणि हा तुम्हाला. माझा जुना, शिकायचा. चारचा."

तिने पसरून पाहिला. निळा रंग उडालेला. तीन कप्प्यांवर बारीक टाक्याची शिवण. तिचीच.

पुन्हा दुसऱ्याचं वापरलेलं, तिच्या मनात आलं. पुन्हा विटका. पण हे जुनेर पहिल्याच दिवशी अंगात येणार होतं.


काठ

बग्गीत ती महिन्याभरात तयार झाली. तीन चाकांवर बसायचं, पायांनी पुढचं चाक वळवायचं आणि हातातल्या पतंगाने ओढून न्यायचं. धावपट्टीवर ती खडखडत इकडून तिकडे जायला लागली. मग बर्फ पडला आणि सगळं पहिल्यापासून.

माळावर वारा आडवा वाहायचा. नवऱ्याने डेपोच्या भंगारातून 'बस थांबा' लिहिलेला खांब आणून रोवला होता. थांब्यापासून ती निघायची झकास. पण स्कीवर जाता जाता वारा तिला हळूहळू खालच्या अंगाला, तो जातो त्या बाजूला, ढकलत न्यायचा, आणि पंपघर वरच राहून ती कुंपणाला जाऊन भिडायची. तिथून पतंग खांद्यावर टाकून पायी.

"आली बघ दादा, तुझी गाडी," नणंद थर्मासमधून चहा ओतत म्हणायची. "ब्रेकडाऊन."

ती सरावाची वेळ म्हणून नवरा ते मोजत नसे. "निघण्याआधी सांग, आज परीक्षा. मग मोजीन," एवढंच म्हणायचा.

"तुम्ही ओढताय," दंतवैद्य सांगायचा. "ओढायचं काम पतंगाचं. फार तर माझं, दवाखान्यात. तुमचं नाही. तुम्ही स्कीच्या काठावर उभ्या राहा, काठ बर्फात रुतवा आणि वाऱ्याकडे झुका. तिरकं, तिरकं वर सरकता येतं."

"रुतवते की!"

"एक क्षण रुतवता. मग वर बघता, की गेलं."

वर बघणार नाही तर काय? कापड वर होतं. कापडावरची नजर काढायची कशी?

हे तिला कळलं ते माळावर नाही. एका दुपारी दुकानात पडद्यासारखा लांबलचक झगा होता, शाळेच्या नाटकातल्या राणीचा, आणि ती त्याच्या घेराला काठशिलाई घालत होती. मशीन भरधाव, मनात माळ. आणि एकदम तिला दिसलं की आपण सुईकडे बघतच नाही आहोत. आपण बघतोय पुढे, कापडाचा काठ पट्टीला जिथे येऊन लागतो तिथे. सुईकडे बघणाऱ्याची शिवण नागमोडी जाते. हे ती शिकाऊ पोरींना स्वतः सांगत असे. सुई काय करते ते बोटांना कळतं. डोळे जायचंय तिकडे.

तिने मशीन थांबवलं.

"दोरा तुटला का?" नणंदेने विचारलं.

"नाही," टेपकाकू म्हणाली. "जुळला."


ट्रायल

रेडिओवर सांगितलं, उद्यापासून ऊब वाढणार, बर्फ वितळणार. म्हणजे आजच.

"आज परीक्षा," तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने मान हलवली आणि थांब्याच्या खांबाला टेकून उभा राहिला.

सकाळी वारा नव्हताच म्हणा ना. टेपकाकूने गळ्यातली टेप काढली, एक टोक धरून हात उंच केला. टेप सरळ खाली लोंबली. ही तिची युक्ती: कापडी टेप कितपत उचलली जाते त्यावरून वारा कळायचा. खालीच राहिली तर फार तर मोठ्या पतंगांचा. जवळजवळ आडवी झाली तर तिच्या चारचा.

मोठे पतंगवाले माळावर फिरत होते, संथ, सुखात. दंतवैद्य नऊचा घेऊन एक फेरी मारून आला. दाढीला बर्फ.

"आज हाच चालेल," तो म्हणाला. "चारचा हलणारसुद्धा नाही. आता तुम्हाला जमतं, मी जवळ थांबतो. घ्या."

हँडलं तिच्यासमोर. ओळखीची. एकदा तिचा हात मोडणारी.

"घे की वहिनी," नणंद म्हणाली. "दुपारी या सगळ्याचं पाणी होईल. मग काय होडी आणणार?" आणि आवाज खाली आणून, "घे गं. मी चेन बसवायला तयार आहे. खरंच."

टेपकाकूने एक हात पुढे केला. नवऱ्याने खांब धरला, बसमधला माणूस ब्रेक लागायच्या आधी दांडी धरतो तसा.

तिने हात मागे घेतला.

"थांबते मी."

"वारा नाही आला तर?"

"तर नाही आला."

टेप खाली.

चहा.

टेप खाली.

दंतवैद्याने दवाखान्यातली एक गोष्ट सांगितली, भूल दिलेल्या पेशंटने चुकून त्याचंच बोट चावलं ती. सगळ्यांना माहीत होती. सगळे हसले.

टेप जराशी हलली. नणंदेने फुंकर मारली होती.

"अगं ए!"

"वातावरण तयार करतेय."

थांब्याच्या खांबाच्या बुडाशी बर्फ ओला दिसायला लागला. नवऱ्याने घड्याळ बघितलं नाही, हे तिला दिसलं. मुद्दाम बघत नव्हता.

मग पलीकडच्या टेकडीवर ढगाची कड आली, राखाडी, इस्त्री केल्यासारखी सरळ. माळाच्या त्या टोकाला भुरभुरीत बर्फ उठून पळायला लागला.

टेप तिरकी झाली.

मोठे पतंग एकाएकी जोरात फिरू लागले. एक जण खाली उतरला. दुसऱ्याला फरफटत नेलं, त्याने हँडलं सोडली आणि त्याचा पतंग धपकन बसला. दंतवैद्य स्वतः, एवढा धिप्पाड, टाचा रोवून कसाबसा थांबला आणि नऊचा गुंडाळायला लागला.

टेप उठली. थरथरली. आडवी राहिली.

टेपकाकूने ती गळ्यात घातली, वर जॅकेटची चेन ओढली, पट्टे मनगटांना लावले. उजवा जरा सैल होता. तिने तो घट्ट केला. दोन बोटं नाही, एकसुद्धा नाही. बरोबर.

"निघते," ती म्हणाली.

आणि निघाली, निळा विटका पतंग एकदाच खळखळला आणि भरला, गुडघे वाकले, स्कीचा काठ बर्फात रुतला आणि करकर असा लांब आवाज सुरू झाला, लांब कापड एका टोकापासून फाडत नेताना होतो तसा, आणि तिने वर बघितलं नाही, वर काय चाललंय ते बोटांत येत होतं, आता जरा डावीकडे, आता जरा पुढे, तिने डोळे पंपघराच्या दारावर ठेवले, दाराच्या कडीवर, आणि दार खाली सरकेना, कुंपणाकडे जाईना, जागच्या जागी राहून नुसतं मोठं मोठं होत गेलं, बाजूने बर्फाची पूड उडत होती, कानात वारा होता आणि मागे कोणीतरी ओरडत होतं, तिला वाटलं नणंद, पण तो नवरा होता, आणि तो "सोड" म्हणत नव्हता, आणि भिंत आली, तिने डावा हात हँडलासकट भिंतीवर आपटला, ठप्प, लागला हात, वळली, आणि

चूक.

पंपघराच्या कोपऱ्यावरून वारा भोवऱ्यासारखा वळून येत होता. तो पतंगात शिरला आणि तिला उचललं. दोन्ही स्की बर्फावरून सुटल्या. समोर पंपघराचा सिमेंटचा कट्टा.

हातांनी पुन्हा तिला विचारलं नाही.

हातांनी सोडलं.

हँडलं उडाली, पट्ट्यांना हिसका बसला, पतंगातली हवा गेली आणि तो रुमालासारखा खाली बसला. ती कट्ट्याच्या अलीकडे, पोटावर, तोंडात बर्फ घेऊन.

माळाच्या दुसऱ्या टोकाला नवरा चार पावलं धावला आणि थांबला. नणंदेने त्याच्या जॅकेटची पाठ धरली होती.

"पडली तर चालेल म्हणाला होतास, दादा."

"हो."

"मग थांब."

टेपकाकू उताणी झाली. मनगट फिरवून पाहिलं. फिरलं. आपलंच मनगट, आपल्याच मापाचं. मग ती हसायला लागली, एकटीच, पंपघराच्या सावलीत, तोंडातला बर्फ थुंकत. तीस वर्षांत पहिल्यांदा हातांनी आपणहून सोडलं आणि काही वाकडं झालं नव्हतं.

ती बसूनच घसरत सावलीबाहेर आली. वारा चुकवून उठली. हँडलं धरली. ब्रेकच्या दोऱ्या खेचल्यावर पतंग पाठमोरा चालत, रुसलेल्या माणसासारखा, वर आला. तिने ब्रेक सैल केले. तो वळला. भरला.

पडताना ती बरीच खालच्या अंगाला गेली होती. थांबा आता वर होता, वाऱ्याच्या बाजूला, आणि लहानसा, टाचणीएवढा.

तिने टाचणीवर नजर लावली.


दुमड

"कुंपणाकडे चाललीय," नणंद म्हणाली.

"नाही."

"अरे चाललीय. ते बघ, पुन्हा..."

"नाही," नवरा म्हणाला. त्याने आयुष्यभर इंजिनांचा आवाज ऐकून सांगितलं होतं की गाडी चढ चढेल की नाही. "ऐक. एकसारखा आवाज येतोय. चढतेय ती."

करकर. लांब, न तुटणारी. निळा पतंग खाली, बर्फाच्या जवळ, वाऱ्याच्या अगदी काठावर धरलेला. त्याखाली एक बाई मागे झुकलेली, जवळजवळ आडवी, टेपेसारखी. कुंपण तिच्या मागे पडलं. मग डेपोची भिंत मागे पडली. दंतवैद्याने टोपी काढली आणि का काढली ते न कळून पुन्हा घातली.

"आली," नणंद म्हणाली. "आली! अगं बाई, आली! आता त्या सगळ्या चेन..."

थांब्याच्या खालून नव्हे, थांब्यावर नव्हे. टेपकाकू थांब्याच्या वरच्या अंगाने आली. नवऱ्याने हात पसरले, तर ती त्याच्या हातांच्या पलीकडून, खांब ओलांडून, दोन बस मावतील एवढ्या अंतरावर जाऊन बर्फाचा फवारा उडवत थांबली. पतंग डोक्यावर स्थिर. ती धापा टाकत. गाल लाल. जॅकेटच्या गळ्यातून टेपेचं टोक बाहेर फडफडत होतं.

नवरा बर्फात धडपडत तिच्यापर्यंत गेला. डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्याने असेल. बोलायला गेला तर आवाज फुटला तो डेपोतलाच.

"थांबा सोडून पुढे का आणलीस गाडी?"

टेपकाकूने मागे वळून खांबाकडे पाहिलं, मग स्कीपासून खांबापर्यंतच्या बर्फाकडे. डोळ्यांनी मापलं.

"दोन बोटं वाढीव ठेवलं," ती म्हणाली.

तो हसला. नणंद चहाचा पेला घेऊन येत होती, अर्धा सांडत, ओरडत, "उतर आता खाली! थंड होतोय! वहिनी!"

"ठेव झाकून," टेपकाकू म्हणाली. टेप अजून आडवी होती, बर्फ अजून बर्फ होता. तिने स्की फिरवल्या, पंपघराच्या कडीवर नजर लावली आणि नवऱ्याला म्हणाली, "बाजूला व्हा हो. गाडी सुटतेय."